मागून आणलेली साखर

३ सप्टेंबर

मागायचं म्हणजे मागायचं! विकत काही आणायचं नाही — साखरेचा दाणासुद्धा नाही. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझी मीच बोलले. जुलैत, साल्व्हादोर शहरातल्या इस्पितळात, त्या गार बाकावर बसल्या बसल्या. काखेतली गाठ साधी निघू दे, जुळ्या संतांच्या, कोस्मे-दामियावच्या नावाने दारोदार मागेन, मागून आणलेल्याचंच गोडधोड करीन आणि सत्तावीस तारखेला पोरांना वाटीन. भीती वाटली की जीभ कशी सैल सुटते!

गाठ साधी निघाली. आता फेडा.

सगळा जन्म टपाल कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढला. लोक बाहेरून वाकून माझ्याशी बोलायचे. आता मी ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार. आमच्या काशोएरा गावातल्या अर्ध्या लोकांशी माझं पटत नाही. उरलेल्या अर्ध्यांचं माझ्याशी पटत नाही.

४ सप्टेंबर

कपाटावरून संत खाली काढले. नुसती धूळ! वीतभर उंचीची लाकडी जोडी, एकाचं नाक उडालेलं. यातला कोस्मे कोणता आणि दामियाव कोणता ते फक्त आईला कळायचं. माझं आणि बहिणीचंही तेच. शेजारपाजारचे, शाळेतल्या बाई, खुद्द बाबा — सगळे फसायचे. आई मात्र पाठमोरी असली तरी पावलांवरून ओळखायची. जुळ्या मुली झाल्या म्हणून संतांचीच नावं ठेवली. ती कोस्मा, मी दामियाना. ती आधी जन्मली म्हणून थोरली. तेवढ्यावर जन्मभर तोरा!

जुळं झालेल्या घराने सत्तावीस सप्टेंबरचं वाटप चुकवायचं नसतं. इतरांकडे त्या दिवशी भेंड्या शिजतात, आमच्याकडे पहिल्यापासून गोड. कसाव्याचा केक, नारळाच्या वड्या आणि बलक-नारळाचे किंदीम. किंदीमसाठी अंड्यांचे बलक कोस्मा गाळणार आणि मिश्रण मी ढवळणार, यात कधी बदल नाही.

आई गेली, त्याच्या पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघी याच स्वयंपाकघरात उभ्या होतो. कोस्मा म्हणाली, "दामियाना, मी आता मूर्तींच्या नावाचं काही करत नाही. हात लावणार नाही मी." नव्या चर्चमुळे तिच्या नवऱ्याची दारू सुटली, म्हणून ती तिकडची झाली. सुटली ते चांगलंच झालं, आदाइल्टन माणूस वाईट नाही. पण मग आईचं काय? इतक्या वर्षांच्या वाटपाचं काय? मी म्हटलं, "मग नावही बदल की! संतांचं नाव कशाला मिरवतेस?" तिने एप्रन काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि पूल ओलांडून साव फेलिक्सला आपल्या घरी गेली. त्याला चार वर्षं झाली. पूल काही लांब नाही. माझ्या खिडकीतून नदीपलीकडचे तिच्या गल्लीतले दिवे दिसतात.

मी बोलले त्यात चुकीचं काहीही नव्हतं.

५ सप्टेंबर

आज सुरुवात करणार होते. पाऊस नव्हता, गुडघाही दुखत नव्हता. गेले नाही.

६ सप्टेंबर

पहिलं दार इव्होनीचं. भिंतीला भिंत लागून आहे, म्हणून तिथून सुरुवात. ताटात संत, भोवती अंगणातली जास्वंद, खाली पांढरं फडकं. दार उघडून ती बघतच राहिली.

"काय गं दामियाना? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. संत कोस्मे-दामियावच्या नावाने काही वाढ."

"तू? तू मागतेस?"

"संत मागताहेत. मी नुसतं ताट धरलंय."

हसत सुटली बया! दाराला टेकून हसली. मग डोळे पुसत आत गेली आणि साखरेची अख्खी पिशवी आणून ताटात ठेवली. संत कलंडले. "नवस कसला गं?" मी सांगितलं नाही. गाठीचं मी गावात कुणालाच सांगितलेलं नाही. रुग्णांना साल्व्हादोरला नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, एव्हराल्दो, तेवढा जाणतो, आणि त्याला मी तेव्हाच दम भरला होता — गाडीतलं गाडीत राहिलं पाहिजे, एक शब्द बाहेर गेला तर बघ! इव्होनीला सांगायचं म्हणजे चर्चची घंटा वाजवून गाव गोळा करायचं.

निघताना म्हणते कशी, "आणि कोस्माच्या दारी कधी जाणार?"

आगाऊ! पण तिचंही चूक नाही. आईचा नियम सगळ्या गल्लीला पाठ आहे. ज्याच्या-ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्या प्रत्येकाच्या दारचं मूठभर तरी ताटात पडायला हवं, नाहीतर मागितलेलं संतांना पोचत नाही आणि चूल पेटवायची नाही. आई स्वतः दरवर्षी आत्याकडे जायची. दात-ओठ खात जायची, पण जायची.

मी म्हटलं, बघू.

८ सप्टेंबर

बोलणं तुटलेल्यांतला सगळ्यांत सोपा म्हणून चढावरच्या सेउ जेनेझियोकडे गेले. त्याच्या कोंबड्याबद्दल मी नगरपालिकेत तक्रार केली होती. तेव्हापासून मी दिसले की तो टोपी डोळ्यांवर ओढतो. आज ओढली नाही, कारण घातलेलीच नव्हती.

"हळू बोला, दोना दामियाना," म्हणाला. "कोंबडा झोपलाय. तुम्हाला त्रास नको म्हणून दिवसा झोपवतो हल्ली."

मी संतांकडे बघत उभी राहिले. नवस माझा होता, त्याला हक्क होता बोलायचा! बोलून घेतलं त्याने. वर्षाचं साठलेलं सगळं बोलला. मग चार नारळ सोलून दिले, वर टोपलीभर अंडी. म्हणाला, "ही त्याच्या बायकांकडून." कसावाही देणार आहे, पण आत्ता नको म्हणाला. काढून ठेवला की काळा पडतो, आदल्या दिवशी ताजा उपटून घरपोच आणतो.

खाली उतरताना लक्षात आलं — एवढा वेळ माझ्याशी कुणी बोललं, याला किती महिने झाले? भांडला का होईना, बोलला.

९ सप्टेंबर

संध्याकाळी एका अंड्याचं आम्लेट, एक पाव, एक कॉफी. सगळं एक-एक. रेडिओ लावला आणि बंद केला.

ऑगस्टचा तो दिवस आठवला. निकालाचा कागद घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी उभी होते. गाठ साधी! पाय हलके झाले होते आणि कुणाला सांगावं तेच कळेना. फोन काढला. कोस्माचा नंबर पाठ आहे, अर्धा दाबलासुद्धा. मग फोन पर्समध्ये टाकला. फाटकाशी उकडलेले शेंगदाणे विकणारा एक माणूस होता. त्याच्यापुढे जाऊन म्हटलं, "माझी गाठ साधी निघाली." तो म्हणाला, "देवाची कृपा, मावशी!" आणि शेंगदाण्यांची पुडी हातात दिली. पैसे घेतले नाहीत. एव्हराल्दोने गाडीत तोंड बघून ओळखलं ते वेगळं, पण आपण होऊन सांगितलं ते सगळ्या जगात त्या एका माणसाला. त्याचं नावही मला ठाऊक नाही.

१० सप्टेंबर

शाळा सुटल्यावर पोरं कुंपणाशी थांबली होती. एक पोरगी दुसरीला सांगत होती, "इथे नको, इथली बाई देत नाही." खरंच आहे. आईनंतर मी एकदाही वाटलेलं नाही. एकटीने कुणासाठी करायचं? दर सत्तावीसला पोरं पिशव्या घेऊन माझ्या दारावरून पळत पुढे जातात आणि मी पडद्यामागे उभी असते. दार उघडून ओरडले, "यंदा देणार आहे!" तर पळालीच! ओरडून सांगायला नको होतं.

१२ सप्टेंबर

आज अपमान झाला.

घाटाजवळच्या गल्लीत दोना आल्तामिराकडे गेले. नव्वदीला टेकलीय, डोळ्यांत मोतीबिंदू, पण मसाल्याच्या डब्यातलं सगळं हाताने ओळखते. ताट पुढे केलं, तर संत चाचपून म्हणाली, "परवाच तर नेलंस की!"

"काय नेलं?"

"लवंगा. मूठभर दिल्या. संपल्या? केकमध्ये घालतेस का दात दुखतो म्हणून चघळतेस?"

"मी आलेच नव्हते परवा, दोना आल्तामिरा."

"इथेच तर उभी होतीस. आज संत आणलेस ते बरं केलंस. परवा नुसतीच ताटली पुढे केलीस, म्हटलं ही काय मागायची रीत!" मग चाचपडत डबा काढला आणि आणखी मूठभर दिल्या. देता देता पुटपुटली, "म्हातारपणी हावरी झालीस गं."

बिचारीचं डोकं गेलंय आता. वय झालं.

१३ सप्टेंबर

हावरी! मी!

१५ सप्टेंबर

किंदीम करून बघितले. नवसाच्या सामानाला हात लावला नाही, हे सरावाचे, घरातल्या अंड्यांचे.

बलक चाळणीवर ठेवायचे, एकेकाला सुईने टोचायचं आणि आपोआप गळू द्यायचे. एवढंच काम. पण थांबायचं! चमच्याने दाबलं की बलकाचा पापुद्रा खाली उतरतो आणि अख्ख्या पदार्थाला अंड्याचा वास येतो. कोस्मा बलक टोचून मांडीवर हात ठेवून बसायची. मी शेजारी नारळ-साखर कालवत तिला घाई करायची, "झालं का? झालं का?" ती म्हणायची, "तू तुझं ढवळ."

आज मी टोचले. थोडा वेळ बसले. मग घेतलाच चमचा! मिश्रण साच्यांत ओतल्यावर नारळ वर तरंगून येईपर्यंत थांबायचं असतं, तिथेही थांबले नाही. पाण्याच्या परातीत ठेवून भाजले. रंग छान आला, पिवळाधमक, चकचकीत. आणि तोंडात घातला तर कच्च्या अंड्याचा वास. उरलेले इव्होनीच्या कुत्र्याने खाल्ले. त्यालाही आवडले नसावेत, पण तो बोलत नाही.

माझ्याने एकटीने हे होणार नाही. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.

१७ सप्टेंबर

नीट लिहिते.

सकाळी बेकरीत गेले, लोणी मागायला. दुकानात गिऱ्हाईकं होती. सेउ ओतोनियेलने ताट बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "दोना दामियाना, एका नवसाला लोणी दोनदा? संत जाड व्हायला लागले की काय?" सगळे हसले. मला आल्तामिराचं "हावरी" आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "ओतोनियेल, या संतांवर हात ठेवून सांगते, मी तुझ्या दुकानात लोणी मागायला आज पहिल्यांदा आलेय!"

तो गांगरला. "अहो, सोमवारी नाही का आलात? दुपारचं, दुकानात कुणी नव्हतं तेव्हा. पुलाकडून आलात. केसांचा अंबाडा, हा असा घोट्यापर्यंत स्कर्ट. मी म्हटलंसुद्धा बायकोला, दोना दामियाना वाळल्या."

मी जन्मात घोट्यापर्यंत स्कर्ट घातलेला नाही. या गावात माझा चेहरा घेऊन, अंबाडा बांधून, घोट्यापर्यंत स्कर्ट घालून पुलावरून येणारी एकच बाई आहे.

लोणी न घेताच निघाले. तो मागून धावत आला आणि ताटात ठेवून गेला.

कोस्मा मागतेय! मूर्तींना हात लावणार नाही म्हणणारी कोस्मा! साव फेलिक्समध्ये मागितलं तर तिच्या चर्चमधल्या कुणीतरी बघेल, म्हणून पूल ओलांडून इकडे येते. आडवेळेला येते. लोक तिला मी समजतात, आणि ही समजू देते! चार वर्षांत माझं दार एकदा वाजवलं नाही, आणि माझ्या तोंडावर गावभर लवंगा आणि लोणी गोळा करते! वर मी हावरी!

१८ सप्टेंबर

राग आहेच. पण रात्री अंथरुणावर पडले आणि दुसरंच मनात आलं, ते अजून जात नाही.

उगाच कुणी मागत नाही. मागणं हे फेडणं असतं. आधी काहीतरी भयंकर व्हावं लागतं, मग माणूस नवस बोलतो. कोस्मा खोटं बोलणारी नाही आणि तिच्या चर्चला ती मनापासून मानते. तिथे कळलं तर तिला सगळ्यांसमोर उभं करतील. तरीही ती या संतांना बोलली. ज्या दिवशी बोलली असेल त्या दिवशी तिची काय अवस्था झाली असेल!

कोण आजारी होतं तिच्याकडे? आदाइल्टन? का तीच? आणि मला पत्ता नाही. नदीच्या या काठावर बसून मी आम्लेट खात होते.

१९ सप्टेंबर

एव्हराल्दोला गाठलं. रुग्णांची गाडी धूत होता.

"कोस्माच्या घरचं कुणी तुझ्या गाडीतून साल्व्हादोरला गेलं का?"

त्याने मान वर केली नाही. चाकच घासत राहिला. "दोना दामियाना, तुम्हीच शिकवलंत ना मला? गाडीतलं गाडीत."

"ते माझ्यापुरतं होतं!"

"मग दुसऱ्यांनी काय पाप केलंय?" थोड्या वेळाने पाण्याचा पाइप खाली टाकला. "मला काही विचारू नका. आधीच तोंड उघडून बसलोय मी, त्याची भीती आहे. तुम्ही दोना कोस्माला जाऊन भेटा. लवकर भेटा."

लवकर का म्हणाला? लवकर कशासाठी?

२१ सप्टेंबर

तीच असणार. दुसरं कोण! आम्हाला गोवर एका दिवशी आला होता. दात एका आठवड्यात पडायचे. तिला बाळंतकळा सुरू झाल्या तेव्हा मी कचेरीत खिडकीमागे पोट धरून बसले होते. मला काखेत गाठ झाली, मग तिला नाही होणार? माझी साधी निघाली. तिची कशी निघाली? नवस फेडतेय म्हणजे बरंच झालं असेल. पण ओतोनियेल म्हणाला वाळलीय. आल्तामिरा म्हणाली... आल्तामिराला दिसत नाही.

जुलैत आम्ही दोघी कदाचित त्याच बाकावर बसलो असू. वेगवेगळ्या दिवशी. एकेकटी.

२२ सप्टेंबर

उद्या जाते.

२३ सप्टेंबर

पुलाच्या तोंडापर्यंत गेले. मालगाडी पूल ओलांडत होती म्हणून थांबले. मालगाडी गेली, तरी थांबूनच राहिले. मग घरी आले.

काय बोलणार जाऊन? "संतांच्या नावाने वाढ" म्हणू, की "तू मरणार आहेस का" विचारू?

२४ सप्टेंबर

इव्होनीने आज धारेवर धरलं. तिलाही बेकरीतलं कळलंय, आता सगळ्या गावालाच कळलंय.

"नारळ खवणार कधी, कसावा किसणार कधी, पिळणार कधी? एवढा केक काय फुंकर मारून भाजणार आहेस?"

"कोस्माच्या दारचं आल्याशिवाय चूल पेटत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग जा ना बाई! तुम्ही दोघी आईच्या पोटात नऊ महिने एका खोलीत राहिलात. आता तुम्हाला दोन गावं पुरत नाहीत!"

मी म्हटलं, तुझं घर बघ. ती रागावून गेली आणि तासाभराने दालचिनी पाठवून दिली.

लिहिते ते खरं लिहिते — मला भांडण जिंकायचं नाही. ते कधीच जिंकून झालंय, त्यात काही मिळालं नाही. मला बोलायला बहीण हवी आहे. सकाळी उठून "आज उकडतंय गं" म्हणायला. बाकी काही नको.

२६ सप्टेंबर

गेले. सकाळी जेनेझियो कसावा देऊन गेला, त्याच्या पाठोपाठ ताट घेतलं आणि निघालेच. थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं. पुलावर वारा एवढा की जास्वंदी उडून नदीत गेल्या. संतांना हाताने धरून चालले.

कोस्माचं दार निळं केलंय. मला माहीत नव्हतं. कुलूप होतं. हाक मारली. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा शेजारची बाई बाहेर आली, मला बघून तिचा हात तोंडावर गेला.

"अहो, तुम्ही तर..."

"हो. मी दुसरी. कोस्मा कुठे आहे?"

"सकाळीच बाहेर पडल्या. हल्ली रोज जातात. कुठे जातात ते सांगत नाहीत. नवरा कामावर गेलाय."

"बरी आहे का ती?"

"आता बऱ्या आहेत. पण जुलैत बघवत नव्हत्या. जेवण नाही, झोप नाही. अंगणात कपडे वाळत घालताना रडायच्या. नवरा विचारून थकला, मी विचारून थकले, शब्द नाही काढला. ऑगस्टात एकदम तोंडावर रंग आला बघा. पण शरीर गेलंय ते गेलंय."

म्हणजे मी बरोबर होते. जुलै. माझ्यासारखंच.

पायरीवर बसून राहिले. शेजारच्या बाईने कॉफी दिली. ऊन कलेपर्यंत बसले, ती आली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका — घोट्यापर्यंत स्कर्ट, अंबाडे — ताटातल्या संतांकडे बघून तोंड फिरवत होत्या. मी इथे बसून तिच्याच अडचणी वाढवतेय असं वाटलं, म्हणून उठले. दाराला हात लावला आणि परत आले.

घरात साखर आहे, नारळ आहेत, अंडी, लोणी, लवंगा, दालचिनी, कसावा सगळं आहे. ओट्यावर मांडलेलं आहे. आणि ताटात तिच्या दारचं काही नाही, म्हणून चूल बंद. उद्या पोरं येतील. यंदा देणार म्हणून मीच ओरडून सांगितलंय. आली तर काय सांगू त्यांना? पुन्हा पडद्यामागे उभी राहीन.

तिला एकदा बघायचं होतं, एवढंच होतं.

२७ सप्टेंबर

ती स्वयंपाकघरात बसलीय, मी इथे कपाटाला टेकून उभ्याने लिहितेय.

सकाळीच दार वाजलं. पोरं इतक्या लवकर कशी आली म्हणून चिडूनच उघडलं. कोस्मा! अंबाडा, लांब स्कर्ट, हातात ताटली. किती वाळलीय! पायरीवरच उभी राहिली, वर बघेना.

"संत कोस्मे-दामियावच्या नावाने काही वाढ," म्हणाली. "सगळ्यांकडे जाऊन आले. तुझंच दार राहिलं होतं."

मी ताटली धरली, तिच्या हातांसकट धरली. गाठ कुठे होती? काखेतच ना? डॉक्टर काय म्हणाले? दुखतं का? मला का नाही कळवलंस? एकावर एक विचारत सुटले. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही. शेवटी ओरडलेच तिच्यावर, "अगं मग नवस कुणासाठी होता तुझा?"

"तुझ्यासाठी," म्हणाली.